पंडिता रमाबाई

केडगावच्या मुक्तिसदनाचे नाव आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक आहे. परंतु ते स्थापणाऱ्या बाईंची मनोवृत्ती कशी घडली, हे फारसे कोणी सांगत नाही.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुण्यास विद्यार्थी असता त्यांचे गुरू पेशव्यांच्या वाड्यात बाईसाहेबांस संस्कृत शिकवीत. स्त्रीच्या मुखातून शुद्ध श्लोक निघतात हे त्या तरुणाने ऐकिले, आणि बायकांस बुद्धी बेताची हा बाळपणापासूनचा समज ढासळला. पुढे त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला विद्या दिली. तेव्हा शास्त्रीमंडळी खवळली व उडुपीच्या सभेपुढे त्यांस जाब द्यावा लागला. त्यांनी आधार दाखविले. पण संसार थाटला तो गंगामूळच्या रानात. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाई जन्मल्या. पहाटे आई त्यांस उठवून पाठ देई. आई पंडित असू शकते, हे त्या मुलीने नित्य डोळ्यांनी पाहिले.

१८७४ सालापासूनच्या दुष्काळात आईबाप व वडील बहीण गेली. भाऊ श्रीनिवास यांजबरोबर पायी फिरत त्या १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या व तेथे पंडिता ही पदवी पावल्या. स्त्रीधर्मावर व्याख्याने देण्याकरिता त्यांनी धर्मशास्त्रे वाचली. ग्रंथांचे आपसांत नाना मतभेद. मात्र स्त्री स्वभावतः दुष्ट, अपवित्र व मोक्षास अपात्र, या एका गोष्टीवर त्यांस बहुतेकांचे एकमत दिसले. रोगाचे मूळ त्यांस येथे सापडले.

१८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी वारले. कडेवर मनोरमा होती. दुसऱ्या वर्षी विलायतेत वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती लोकांत तरी हा भेद नसेल असे वाटावे! पण चेल्टनहॅम येथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावे अशी गोष्ट निघताच हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. तेणेकरून स्वदेशी त्यांचे वजन जाईल म्हणे. माझे वडील व पती यांनी कधी असा अडथळा केला नाही, असे रमाबाईंनी नम्रपणे पण स्पष्ट कळविले. हा प्रसंग आमच्या मंडळ्यांनी विसरू नये. पंचकमिटीत बहिणी बोलू लागल्या की आमच्यातील किती बंधू घसा खाकरतात!

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन निघाले. तेथे अवघड काम अक्षरांचे नव्हते. आपल्याच पूर्वजन्मीच्या पापाने नवरा मेला, असे बालविधवेला घरोघर ऐकविलेले असे, आणि ऐकता ऐकता ती ते खरे मानी. सासूने सुनेस छळावे, कारण तीही तशीच छळलेली. असा हा वारसा. बाहेरून कुलूप काढले तरी आतली कडी लागलेलीच. म्हणून रमाबाई त्यांस आपल्याजवळ बसवीत, मोकळेपणी बोलवीत. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाईंनी १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांजबरोबर पुनर्विवाह केला.

दुष्काळांत केडगावास शेकडो मुली आल्या. त्या माग चालवू लागल्या, तेल गाळू लागल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. रमाबाईंनी मूळ भाषांवरून पवित्र शास्त्राचे सोपे मराठी भाषांतर केले, ते खेड्यातील बाईस समजावे म्हणून. १९२१ साली मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या. आणि त्यांचे ते शास्त्र मुक्तीच्या बायकांनीच आपल्या हातांनी छापून पुरे केले.