ग्रेस डार्लिंग आणि तिची होडी

ग्रेस डार्लिंगचे नाव शब्बाथशाळेच्या शिक्षकांस नवे नाही. परंतु तिची गोष्ट सांगताना आपण धैर्यापाशीच थांबतो, असे आम्हांस वाटते. त्या दिवशी जीव वाचले ते धैर्याने, आणि तितकेच विचाराने.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील बामबरो येथे २४ नोव्हेंबर १८१५ रोजी तिचा जन्म झाला. नऊ भावंडांत ती सातवी. वडील विल्यम हे फार्न बेटांवर लाँगस्टोन दीपगृहाचे रखवालदार होते.

७ सप्टेंबर १८३८ च्या पहाटे, हलहून डंडीला निघालेली फोर्फरशायर ही आगबोट बॉयलर गळून निकामी झाली व वादळात खडकावर आपटून दुभंगली. उजाडण्यापूर्वीच ग्रेसने खिडकीतून ती पाहिली. पण खडकावर माणसे हालताना दिसली ती सातच्या सुमारास, दुर्बिणीतून. मगच बापलेकीने होडी काढली.

किनाऱ्यावरून मदत येणे कठीण होते. भाऊ घरी नव्हता. आईने होडी लोटावयास हात लावला. सरळ वाट जवळची, पण लाटांच्या तोंडी. म्हणून ती दोघे बेटांच्या आडोशाने वळसा घेऊन जवळजवळ मैलभर वल्हवीत गेली. परतताना दोघांचे बळ पुरणार नाही, वाचलेल्यांपैकी कोणी वल्हे धरले तरच घर गाठता येईल, हेही विल्यम जाणून होते.

ते खडकावर उतरले. आता होडीत एकटी ग्रेस. होडी खडकावर आदळली तर चुरा, दूर वाहिली तर सारेच अडकले. म्हणून ती सतत वल्ही मारीत होडी जागच्या जागी राखीत होती. आमच्या मते त्या सकाळचे सर्वांत अवघड काम हेच.

नऊ जण जिवंत होते. एका मातेच्या कुशीत तिची दोन मुले रात्रीच मरण पावली होती. एवढ्यांना एकदम घेतले असते तर होडी बुडती. पहिल्या खेपेस ती माता व चार पुरुष आले. ग्रेस त्यांच्या शुश्रूषेस दीपगृहात राहिली आणि विल्यम सुटलेल्या खलाशांना बरोबर घेऊन उरलेल्या चौघांसाठी परत गेले.

पुढे रौप्यपदक मिळाले, राणी व्हिक्टोरियाने पन्नास पौंड धाडले, चित्रकारांची रीघ लागली. या गाजावाजाने ती बिचारी गांगरूनच गेली. २० ऑक्टोबर १८४२ रोजी, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, क्षयाने तिचा अंत झाला. ती होडी बामबरोच्या संग्रहालयात जपून ठेवली आहे.