वाल्डेमार हाफकिन

मुंबईत परळ येथे हाफकिन इन्स्टिट्यूट आहे, हे आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. परंतु ज्या पुरुषाचे नाव ती संस्था धारण करते, त्याचे चरित्र फार थोड्यांस माहीत असते. म्हणून ते येथे संक्षेपाने देत आहोत.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली रशियन साम्राज्यातील ओडेसा शहरी एका यहुदी कुटुंबात झाला. त्यांचा मूळ विषय वैद्यक नसून प्राणिशास्त्र होता. पॅरिस येथील पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी पटकीवर लस तयार केली व १८९२ च्या जुलैत ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. पुढील वर्षी ते हिंदुस्थानात आले. एकाच वस्तीत राहणाऱ्या लोकांपैकी कोणी टोचून घेत, कोणी घेत नसत. पुढे पटकी आली म्हणजे ती कोणास झाली व कोणास नाही, याची ते काटेकोर गणती ठेवीत.

१८९६ साली मुंबईत ग्रंथिक सन्निपाताने, म्हणजे प्लेगाने, कहर मांडला. सरकारने हाफकिन यांस पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत अवघ्या तीन महिन्यांत त्यांनी लस सिद्ध केली. प्रथम सशांवर तिची परीक्षा केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःस टोचून घेतली. ज्वर व वेदना त्यांनी निमूटपणे सोसल्या.

परंतु एक मनुष्य वाचला म्हणून औषध सिद्ध होत नाही. तो औषधावाचूनही वाचला असता. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे निम्म्या बंद्यांनी स्वेच्छेने टोचून घेतले. दोन्ही गटांचे अन्न, काम व निवास एकच होते. टोचणीच्या दिवशीच जे आजारी पडले, त्यांस गणतीतून वगळले. न टोचलेल्यांपैकी १२ जणांस प्लेग झाला व ६ दगावले. टोचलेल्यांपैकी दोघांस झाला, पण मृत्यू एकही नाही. बंदिवानाची संमती कितपत मुक्त असते, हा प्रश्न आज अवश्य विचारला जाईल. तुलनेची रीत मात्र शुद्ध होती.

यानंतर मोठा आघात आला. १९०२ साली पंजाबात मुलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मरण पावली. दोष प्रयोगशाळेवर आला व हाफकिन यांस पदावरून दूर करण्यात आले. पुढे सूक्ष्म चौकशीअंती दिसून आले की, गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला गेला. १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. तथापि मुंबईची प्रयोगशाळा त्यांस परत लाभली नाही. १९२५ साली तिला त्यांचे नाव दिले गेले. १९३० साली स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे त्यांचा अंत झाला.

आज कर्करोगादी दुर्धर रोगांवरील अनेक नवी औषधे अशाच तुलनेच्या कसोटीस लावतात. कोणास जुना उपचार व कोणास नवा, हे बहुधा चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवितात आणि रोग्याची समजून दिलेली संमती आधी घेतात. विद्यार्थिमित्रहो, हाफकिन यांचे धैर्य थोर खरेच. परंतु आपल्या बाजूची व विरुद्ध बाजूची गणती सारख्याच प्रामाणिकपणे मांडणे हे त्याहून कठीण आहे. आणि एका चिमट्याच्या हयगयीने किती प्राण जातात, हेही आपण विसरू नये.