टाटा नावामागची बाई

आमच्या पेणमध्ये कुणाला टाटाला नेलं असं कानावर आलं, की पुढचं काही विचारावं लागत नाही. आवाज आपोआप खाली येतो. कॅन्सर हा शब्द तोंडातून काढायचीही गरज पडत नाही. मीठवाले टाटा, ट्रकवाले टाटा सगळे मागे पडतात आणि परळचं ते हॉस्पिटल डोळ्यांपुढे उभं राहतं. रोहा माझं माहेर, तिथेही हेच. पण मैत्रिणींनो, त्या हॉस्पिटलच्या मागे एका बाईचं आजारपण आहे, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक असेल?

तिचं नाव मेहेरबाई. जन्म १० ऑक्टोबर १८७९चा, मुंबईतला. वडील होर्मसजी भाभा म्हैसूर संस्थानच्या शिक्षण खात्यात मोठे अधिकारी होते, त्यामुळे पोरीचं बालपण तिकडेच गेलं. पुस्तकं, पियानो, टेनिस, सगळ्याला घरातून मोकळीक. जमशेटजी टाटांचं भाभांकडे जाणं-येणं होतं. त्यांनी आपल्या थोरल्या मुलाला, दोराबजींना, म्हैसूरला गेलास की भाभांना भेटून ये असं सुचवलं. म्हाताऱ्याच्या मनात काय होतं ते आपल्या लक्षात आलंच असेल! १४ फेब्रुवारी १८९८ला लग्न झालं. नवरी अठराची, नवरदेव अडतीसचा. अंतर जरा जास्तच, पण दोघांचं फार छान जमलं. मूलबाळ मात्र झालं नाही.

दोराबजींनी बायकोसाठी ज्युबिली नावाचा हिरा विकत घेतला. वजन २४५ कॅरेटच्या वर, म्हणजे आजच्या कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. १९२४ साली जमशेदपूरचा पोलाद कारखाना बुडायच्या बेतात आला, कामगारांचे पगार द्यायला पैसे नव्हते. तेव्हा दोराबजींनी आपली सगळी खाजगी मालमत्ता बँकेकडे तारण ठेवली. त्यात हा हिराही गेला. आपल्याकडे शेतीसाठी, पोरांच्या फीसाठी मंगळसूत्र सोनाराकडे ठेवणाऱ्या बायका काही कमी नाहीत. त्यांना मेहेरबाईंच्या मनाची कल्पना माझ्यापेक्षा चांगली येईल.

त्याच १९२४ साली मेहेरबाई पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये मिश्र दुहेरीचं टेनिस खेळल्या. ऑलिम्पिकमध्ये उतरलेल्या पहिल्या काही भारतीय स्त्रियांत त्यांचं नाव आहे. त्या टेनिस खेळायच्या ते साडी नेसून. मला एसटी पकडायला पळतानासुद्धा निऱ्या सावराव्या लागतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

नुसत्या श्रीमंताघरच्या हौशी बाई नव्हत्या त्या. १९२५मध्ये स्त्रियांची राष्ट्रीय परिषद उभी राहिली, त्यात त्या पुढे होत्या. पडदा, मुलींचं शिक्षण, बालविवाह यावर त्या बोलत. १९२७ साली अमेरिकेत जाऊन भारतातल्या बायकांची स्थिती त्यांनी तिथल्या लोकांपुढे मांडली. १९२९मध्ये मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा करणारा सारडा कायदा झाला, त्या खटपटीतही त्यांचा हात होता.

आणि मग रक्ताचा कॅन्सर. इंग्लंड-वेल्समधले उत्तमातले उत्तम डॉक्टर होते, पैशाला तोटा नव्हता. पण देणार काय? या आजारावरची केमोथेरपी तेव्हा जन्मालाच आली नव्हती. १८ जून १९३१ला वेल्समधल्या रुथिन गावी मेहेरबाई गेल्या. वय ५१. रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना औषधाने थोडा काळ का होईना उतार पडतो, हे जगाला कळलं ते १९४८ साली. ते औषध तयार करणाऱ्यांत आंध्रातून गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. मेहेरबाईंना ते सतरा वर्षं उशिराचं झालं.

हे सगळं मी गेल्या वर्षी रोह्याच्या वहिनीला सांगत बसले होते. तिच्या मानेला, कानाखाली, एक गाठ आली होती. दुखत नव्हती, म्हणून तर ती जास्त घाबरली. दिवसभर बोट तिथेच. भाकरी थापतानाही मधेच हात मानेकडे. भावाला सांगितलेलं नाही, मुलीचं लग्न ठरत होतं ना. रात्री मोबाइलवर शोधायचं आणि पहाटेपर्यंत जागायचं. शेजारणीने आणखी भर घातली, गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो म्हणून. डॉक्टरांनी टाटाची चिठ्ठी दिली तर, एवढ्याच धास्तीने ती दवाखान्याची पायरी चढत नव्हती.

शेवटी तिला घेऊन मीच गेले. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. पायाला काटा मोडून जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं, ते आपण लहानपणापासून बघतो. मानेतल्या, काखेतल्या गाठी त्याच जातीच्या. अंगात शिरलेल्या जंतूंना अडवणाऱ्या या चौक्या. किडलेली दाढ, घसा, डोक्यातले फोड, कशानेही त्या सुजतात आणि बहुतेक वेळा आपोआप बसतात. दोन-तीन आठवड्यांत बसली नाही, वाढत गेली, दगडासारखी घट्ट लागली, गळपट्टीच्या हाडाच्या वर आली, किंवा सोबत ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं असं काही असलं, तर तपासायलाच हवी. रक्ताच्या काही कॅन्सरमध्येही अशा गाठी येतात, हे त्यांनी लपवलं नाही. सुईने कॅन्सर पसरतो ही भीती मात्र त्यांनी साफ खोडून काढली. बारीक सुई, इंजेक्शनइतकं दुखणं.

रिपोर्ट यायला चार दिवस लागले. वहिनीने त्या चार दिवसांत कपाटातल्या साड्या कुणाला कुठली द्यायची ते ठरवून ठेवलं होतं, हे तिने नंतर सांगितलं. निघाला टीबी. जुन्या बायका गंडमाळ म्हणायच्या तो. सरकारी दवाखान्यातून सहा महिने फुकट गोळ्या. लग्नात ती मांडवभर फिरली.

पण रिपोर्ट दुसरा आला असता तरी १९३१ आणि आज यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गाठींच्या कॅन्सरचे काही प्रकार वेळेत सापडले तर बहुतेक रोगी पूर्ण बरे होतात. रक्ताच्या एका कॅन्सरला तर रोजची गोळी घेऊन माणसं वर्षानुवर्षं संसार करतात.

या बदलात मेहेरबाईंचा वाटा कसा, ते सांगायचं राहिलं. दोराबजींनी १९३२मध्ये बायकोच्या नावाने रक्ताच्या कॅन्सरच्या संशोधनासाठी ट्रस्ट काढला, तो जगभरच्या संशोधकांना पैसे देतो. दुसऱ्या ट्रस्टला आपली जवळजवळ सगळी संपत्ती देऊन टाकली. ज्युबिली हिराही पुढे विकला आणि ते पैसे ट्रस्टकडे गेले. त्याच साली बायकोच्या समाधीकडे निघालेले दोराबजी वाटेत, जर्मनीत, ३ जूनला वारले. इंग्लंडच्या ब्रुकवुड दफनभूमीत दोघं शेजारी आहेत. बायकोला परदेशी न्यावं लागलं, तसे उपचार इथे व्हावेत ही त्यांची इच्छा ट्रस्टने पुरी केली. २८ फेब्रुवारी १९४१ला परळचं टाटा मेमोरियल ८० खाटांनिशी उघडलं. १९५७मध्ये ते सरकारकडे आणि १९६२मध्ये अणुऊर्जा खात्याकडे गेलं. त्या खात्याचे प्रमुख होते होमी भाभा, मेहेरबाईंचे सख्खे भाचे. आत्याच्या आठवणीचं हॉस्पिटल भाच्याच्या हाती आलं.

त्याच टाटाचं एक मोठं केंद्र आता आपल्या रायगड जिल्ह्यात आहे, खारघरला. बोन मॅरो बदलण्याचे उपचार तिथे होतात. रोहा-पेणहून रेल्वेने पनवेल गाठायचं, तिथून लोकलने खारघर तिसरं स्टेशन.