मायबाख : 9 लिटर पाण्यात रेसिंग कार थंड ठेवणारा माणूस, ज्याला त्याच्याच कंपनीतून बाहेर पडावं लागलं

मार्च 1901. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं नीस शहर. या शहराच्या मागे ला टर्बी गावाकडे चढत जाणारा एक घाट आहे. युरोपातली श्रीमंत मंडळी त्या काळी तिथे गाड्यांच्या शर्यती लावायची. तोवर या घाटात सगळ्यात वेगवान ठरलेल्या गाडीचा सरासरी वेग होता ताशी 31.3 किलोमीटर.

त्या वर्षी जर्मनीहून एक नवी गाडी आली आणि तिने तोच घाट ताशी 51.4 किलोमीटरने चढून दाखवला.

आज हा आकडा किरकोळ वाटेल. पण एका वर्षात वीस किलोमीटरचा फरक पडला होता. बाकीच्या गाड्या एका रात्रीत जुन्या झाल्या. त्या गाडीचं नाव होतं मर्सिडीज 35 एचपी. आणि ती बनवणाऱ्या इंजिनिअरचं नाव होतं विल्हेल्म मायबाख. आपल्याकडे सिनेस्टार आणि उद्योगपतींच्या दारात उभी असते ती 'मेबॅक', ती याच माणसाच्या आडनावाची.

या गाडीच्या यशामागे अनेक कारणं होती. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं कारण गाडीच्या नाकावर होतं, सगळ्यांना दिसेल असं. ते म्हणजे तिचा रेडिएटर.

अनाथ मुलगा आणि त्याचा साहेब

मायबाखचा जन्म 9 फेब्रुवारी 1846 चा, जर्मनीतल्या हाइलब्रॉनचा. वडील सुतार. लहानपणीच आई-वडील दोघंही गेले आणि पोरगं रॉयटलिंगन गावातल्या 'ब्रूडरहाउस' नावाच्या संस्थेत आलं. गुस्टाफ वेर्नर नावाच्या धर्मोपदेशकाने चालवलेल्या या संस्थेत अनाथ मुलांना आसरा मिळायचा आणि सोबत हाताला कामही शिकवलं जायचं. संस्थेचा स्वतःचा यंत्रांचा कारखाना होता. मायबाखचा हात चित्रकलेत चांगला होता, म्हणून त्याला यंत्रांची ड्रॉइंग काढायला बसवलं.

1863 मध्ये या कारखान्याचा प्रमुख म्हणून एक तरुण इंजिनिअर आला. गॉटलिब डाइमलर. मायबाखपेक्षा बारा वर्षांनी मोठा. या मुलाचं काम त्याने हेरलं, आणि तिथून जी जोडी जमली ती डाइमलरच्या मृत्यूपर्यंत टिकली. डाइमलर जिथे नोकरीला जाईल तिथे मायबाखला सोबत घेऊन जायचा.

1872 मध्ये दोघं कोलोनजवळच्या डॉइट्झ कंपनीत गेले. इथेच निकोलाउस ऑटोचं चार स्ट्रोकचं इंजिन 1876 मध्ये तयार झालं. पण ते होतं अवाढव्य, कारखान्यात एका जागी उभं करायचं. डाइमलर आणि मायबाखच्या डोक्यात वेगळंच होतं. त्यांना गाडीत, होडीत, कुठेही बसेल असं छोटं आणि जोरात फिरणारं इंजिन हवं होतं.

1882 मध्ये डाइमलरने कान्श्टाटला घर घेतलं आणि बागेतल्या काचेच्या खोलीत वर्कशॉप थाटलं. काम इतकं गुपचूप चालायचं की माळ्याला संशय आला, हे दोघं आत खोट्या नोटा-नाणी पाडतात. त्याने पोलिसांना कळवलं. धाड पडली आणि पोलिसांना मिळालं काय, तर इंजिनं, असा किस्सा सांगतात.

इंजिन चालतंय, पण उष्णतेचं काय?

छोटं इंजिन जोरात फिरवायला लागलं की एक नवीन डोकेदुखी सुरू होते. पेट्रोल जाळून जी उष्णता तयार होते, तिच्यातली साधारण एक तृतीयांशच चाकं फिरवायला कामी येते. बाकीची काही धुरासोबत बाहेर जाते आणि काही इंजिनच्या अंगात मुरते. ती काढली नाही तर तेल पातळ होतं, पिस्टन फुगतो आणि सिलिंडरमध्येच अडकून बसतो.

उपाय सगळ्यांना माहीत होता, तो म्हणजे सिलिंडरभोवती पाणी खेळवायचं. पण गरम झालेल्या पाण्याचं करायचं काय? कार्ल बेंझने आपल्या 1886 च्या गाडीत पाणी उकळून वाफ होऊ दिली. उष्णता वाफेसोबत जायची खरी, पण पाणीही संपायचं. मग वाटेत थांबा आणि पुन्हा भरा.

मायबाखने 1889 च्या गाडीत वेगळी शक्कल लढवली. ही गाडी सायकलसारखी पोकळ नळ्यांच्या सांगाड्यावर बनवलेली होती. त्याने इंजिनचं गरम पाणी त्या नळ्यांमधूनच फिरवलं. गाडीचा सांगाडा हाच रेडिएटर! त्या छोट्या इंजिनला ते पुरलं. पण ताकद वाढली की नळ्या कमी पडणार हे उघड होतं.

दरम्यान 1890 मध्ये डाइमलरच्या नावाने कंपनी उभी राहिली. पैसे घालणाऱ्या भागीदारांनी मायबाखला देऊ केलेल्या अटी त्याला पटल्या नाहीत आणि 1891 मध्ये तो बाहेर पडला. डाइमलरने स्वतःच्या खिशातून खर्च केला आणि मायबाखने कान्श्टाटच्या एका हॉटेलात वर्कशॉप मांडून काम चालू ठेवलं. पेट्रोलचा फवारा मारणारा कार्बोरेटर त्याने याच काळात, 1893 मध्ये बनवला. 1895 मध्ये दोघंही कंपनीत परतले. 1897 मध्ये मायबाखने बारीक नळ्यांचा रेडिएटर बनवला आणि त्यावर वारा मारायला पंखा बसवला.

एका महिन्यात दोन मृत्यू

6 मार्च 1900 रोजी डाइमलर वारला. पस्तीस वर्षांची साथ संपली.

त्याच महिन्याच्या शेवटी आणखी एक धक्का बसला. नीस-ला टर्बीच्या त्याच घाटात कंपनीची फिनिक्स गाडी खडकावर आदळली आणि चालक विल्हेल्म बाउअर त्यात गेला. गाडी उंच होती, जड होती आणि वळणावर तोल सांभाळत नव्हती. शर्यतीच सोडून द्याव्यात अशी कंपनीत चर्चा सुरू झाली.

इथे एमिल येलिनेक पुढे आला. नीसमध्ये राहणारा हा व्यापारी कंपनीच्या गाड्या विकायचा. त्याचं म्हणणं होतं, गाडी बुटकी, लांब, हलकी आणि ताकदवान करा. त्याने 36 गाड्यांची ऑर्डर दिली, किंमत साडेपाच लाख मार्क. अट एकच, इंजिनला आपल्या मुलीचं नाव द्यायचं. मुलीचं नाव होतं मर्सिडीज.

गाडी डिझाइन करायची जबाबदारी मायबाखवर आली, आणि यावेळी सल्ला विचारायला डाइमलर नव्हता.

8070 नळ्यांचं पोळं

ताकद 35 एचपी हवी होती, म्हणजे उष्णताही तेवढीच जास्त. पाणी वाढवावं तर वजन वाढतं, आणि वजनानेच तर घात केला होता. मायबाखने हिशेब उलटा मांडला. पाणी किती आहे यापेक्षा ते वाऱ्याला किती जागी भेटतं, हे महत्त्वाचं.

त्याने 6 मिलिमीटर बाय 6 मिलिमीटरच्या चौकोनी, आखूड नळ्या घेतल्या. एकूण 8070. त्या एकमेकांना डाग देऊन जोडल्या आणि त्यांचा चौकोनी ठोकळा तयार केला. नळ्यांच्या आतून वारा जायचा आणि नळ्यांमधल्या बारीक फटीतून पाणी वाहायचं. समोरून बघितलं तर अगदी मधमाश्यांचं पोळं. मागे पंखा होताच, त्यामुळे घाटात गाडीचा वेग कमी झाला तरी वारा थांबत नव्हता.

परिणाम असा की आधी जिथे 18 लिटर पाणी लागायचं तिथे 9 लिटरमध्ये भागलं. डिसेंबर 1900 मध्ये पहिली गाडी येलिनेकला मिळाली, आणि पुढच्या मार्चमध्ये नीसच्या घाटात काय झालं ते वर आलंच आहे.

पाणी कमी, म्हणून गळती महाग

या रचनेची एक किंमतही होती. 8070 नळ्या म्हणजे सोळा हजारांवर टोकं, आणि प्रत्येक टोकाला डाग. एक जरी सुटला तरी थेंब थेंब पाणी जाणार. मोठ्या टाकीतून लिटरभर पाणी गेलं तर चालून जातं. 9 लिटरमधून गेलं तर इंजिन तापायला वेळ लागत नाही.

आजच्या स्पोर्ट्स कारचंही दुखणं हेच आहे. थोडंच कूलंट, तेही झाकण बंद करून दाबाखाली. दाब वाढला की कूलंट उशिरा उकळतं, पण तोच दाब जिथे फट असेल तिथून ते बाहेर ढकलतो. त्यात कित्येक स्पोर्ट्स कारमध्ये इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे असतो, म्हणजे गाडीच्या पोटाखालून लांबच लांब पाइप. थेंब पडतो एकीकडे आणि गळती असते दुसरीकडे.

म्हणून चांगला मेकॅनिक आधी इंजिन पूर्ण थंड होऊ देतो. गरम असताना झाकण उघडलं तर उकळतं कूलंट अंगावर येतं. मग तो झाकणाच्या जागी हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतका दाब देतो आणि काटा बघत बसतो. काटा उतरला की गळती नक्की. त्यानंतर पाइपांचे क्लॅम्प, रेडिएटरच्या कडा आणि वॉटर पंपाखालचं बारीक भोक तपासायचं. या भोकातून कूलंट वाहायला लागलं की पंपाचं सील गेलं असं समजायचं. वाळलेला रंगीत डागही गळतीचा माग सांगतो.

बाहेर काहीच ओलं नसेल आणि कूलंट तरी कमी होत असेल, तर ते आत जातंय. केबिनमध्ये गोडसर वास आणि पायाखाली ओल असेल तर हीटरचा छोटा रेडिएटर. सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर किंवा तेलाचा रंग दुधाच्या चहासारखा झाला, तर संशय हेड गॅस्केटवर. अशी गाडी पुढे चालवायची नाही.

रेडिएटर काढला की मात्र जुनीच युक्ती. तोंडं बंद करून आत हवा भरायची आणि पाण्यात बुडवायचा. पंक्चरवाला ट्यूब तपासतो तसंच. बुडबुडा आला तिथे भोक.

आणि मायबाखचं काय झालं?

1902 मध्ये 'मर्सिडीज' हे नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदलं गेलं. 1903 मध्ये आयर्लंडमधली गॉर्डन बेनेट शर्यत मर्सिडीजने जिंकली. फ्रेंच लोकांनी मायबाखला गाड्या बनवणाऱ्यांचा राजा ठरवून टाकलं. गाड्यांवर नाव होतं येलिनेकच्या मुलीचं आणि कंपनीवर डाइमलरचं.

पण डाइमलर गेल्यावर कंपनीत मायबाखची बाजू घेणारं कोणी उरलं नव्हतं. हळूहळू त्याच्याकडचे अधिकार कमी झाले आणि त्याला बाजूच्या एका खोलीत बसवण्यात आलं. एप्रिल 1907 मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्याने कंपनी सोडली.

घरी बसेल तो मायबाख कसला! 1909 मध्ये त्याने काउंट झेपेलिनसोबत नवी कंपनी उभी केली आणि मुलगा कार्लकडे कारभार दिला. झेपेलिनच्या प्रचंड हवाई जहाजांना मायबाख इंजिनं लागली. महायुद्धानंतर कार्लने गाड्या बनवायला घेतल्या, आणि 1921 मध्ये पहिल्यांदा मायबाख हे नाव एका मोटारगाडीवर झळकलं. तेव्हा म्हातारा मायबाख पंचाहत्तर वर्षांचा होता.

29 डिसेंबर 1929 रोजी तो वारला. कान्श्टाटच्या ज्या दफनभूमीत डाइमलर आहे, तिथेच त्यालाही पुरलं. ज्या कंपनीतून तो बाहेर पडला, तिचेच वारस आज आपल्या सगळ्यात महागड्या गाड्यांवर त्याचं आडनाव लावतात.