फिरोजशहा मेहता आणि मुंबईची तिजोरी

इ.स. १८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्ध संपले आणि कापसाच्या व्यापारातून मुंबईला आलेली श्रीमंती पाहता पाहता ओसरली. त्याच वर्षी शहराचा कारभार आर्थर क्रॉफर्ड या इंग्रज आयुक्ताच्या हाती आला. गटारे, रस्ते, मंडई अशी कामे त्याने झपाट्याने काढली. शहर स्वच्छ झाले. पण पालिका कर्जात बुडाली. मंदीने गांजलेल्या घरमालकांवर करांचा बोजा वाढला. खर्चावर देखरेख ठेवण्याचे काम सरकारनियुक्त 'जस्टिस' मंडळींच्या सभेकडे होते. ही मंडळी कोणालाच उत्तर देण्यास बांधलेली नव्हती. १८७१ पर्यंत करदात्यांचा असंतोष शिगेला पोहोचला.

त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात फ्रामजी कावसजी सभागृहात सव्वीस वर्षांच्या एका बॅरिस्टरने या प्रश्नावर निबंध वाचला. हेच फिरोजशहा मेहता. त्यांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईतील एका पारशी कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून एम.ए. होऊन ते विलायतेस गेले आणि १८६८ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले. आयुक्ताच्या उधळपट्टीवर ते कोरडे ओढतील, अशी श्रोत्यांची अपेक्षा असावी. त्यांनी मात्र क्रॉफर्डच्या कामांची वाखाणणी केली. कामे एकाच जबाबदार अधिकाऱ्याने करावीत. दोष त्याच्या हातातील सत्तेचा नसून, तिजोरीच्या किल्ल्या करदात्यांच्या प्रतिनिधींकडे नाहीत हा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. सभेला हे मुळीच रुचले नाही. लोकांच्या बाजूने उभे राहून लोकांनाच न आवडणारे बोलणे सोपे नसते; वकिली नुकती सुरू केलेल्या तरुणाला तर नाहीच.

१८७२ च्या कायद्याने ६४ सदस्यांची महापालिका आली. त्यांतील निम्मे सदस्य करदाते निवडू लागले. फिरोजशहा तिचे सदस्य झाले, आणि पुढे १८८४ व १८८५ साली तिचे अध्यक्षही.

त्यांच्या कार्याचा कळस म्हणजे १८८८ चा कायदा. मूळ मसुद्यात महापालिकेचे अधिकार आखडते घेतले होते. कायदेमंडळात फिरोजशहा आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी कलमामागून कलम लढवून ते बदलून घेतले. कायद्याची रचना पाहण्यासारखी आहे. कामे आयुक्ताने करायची. पण वर्षाचा जमाखर्चाचा अंदाज त्याने स्थायी समितीपुढे मांडायचा, समितीने तो तपासायचा आणि मंजुरी महापालिकेच्या सभेने द्यायची. पाच हजार रुपयांहून मोठा ठेका समितीच्या संमतीवाचून देता येत नसे. पालिकेच्या धनादेशावर आयुक्त, समितीचा एक सदस्य आणि चिटणीस अशा तिघांच्या सह्या लागत. वर्षअखेर किमान एक लाख रुपये शिल्लक राहतील, असाच अंदाज आखावा लागे. हे नियम रुक्ष वाटतात खरे. परंतु क्रॉफर्डच्या काळातील कर्जाची आठवण त्यांच्यामागे आहे.

पोलिसांच्या खर्चाचा वाद तर कित्येक वर्षे चालला. पोलिसांवर हुकमत सरकारची, खर्चाचा वाटा मात्र शहराने उचलायचा, हे फिरोजशहांना अमान्य होते. अखेर १९०७ मध्ये पोलिसांचा भार सरकारने घेतला आणि प्राथमिक शिक्षणासारख्या गोष्टी महापालिकेकडे आल्या. याच वर्षी सरकारी अधिकाऱ्यांच्या एका गटाने त्यांना निवडणुकीत पाडण्याचा चंग बांधला. सोळा जागांच्या लढतीत ते सतरावे आले. पुढे निवडून आलेला एक उमेदवार अपात्र ठरला आणि फिरोजशहा पुन्हा सभागृहात येऊन बसले.

५ नोव्हेंबर १९१५ रोजी त्यांचे निधन झाले. महापालिकेच्या मुख्य इमारतीसमोर १९२३ मध्ये त्यांचा पुतळा उभारण्यात आला. १८८८ चा तो कायदा अनेक दुरुस्त्यांसह आजही मुंबईस लागू आहे.