रविवारची सुट्टी आणि ठाण्याचे लोखंडे: व्हायरल पोस्टच्या पलीकडे

‘नारायण मेघाजी लोखंडेंनी इंग्रजांशी भांडून देशाला रविवारची सुट्टी मिळवून दिली’ ही पोस्ट तुमच्याही ग्रुपवर आली असेल. ती अर्धीच खरी आहे. सरकारी कचेऱ्यांना रविवार आधीपासून होताच. तो नव्हता गिरणी कामगारांना. आणि लोखंडेंचा खरा सामना होता गिरणीमालकांशी, ज्यांत बरेचसे इथलेच होते.

लोखंडे अस्सल ठाणेकर. जन्म १८४८ चा. बोरीबंदरहून पहिली रेल्वे ठाण्यात आली, तेव्हा ते जेमतेम पाच वर्षांचे. पुढे रेल्वेत, पोस्टात नोकरी करून ते मुंबईच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. कामगारांचे हाल त्यांनी तिथे जवळून पाहिले: उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम, पगार रखडलेला, यंत्रात हात गेला तरी भरपाई शून्य.

ते जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. १८८० पासून ‘दीनबंधू’ पत्र त्यांनी मुंबईतून चालवलं. १८८४ मध्ये ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ उभी केली आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज दिला. मागण्या साध्या होत्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार, जखमी झाल्यास मदत.

या संघटनेला ना वर्गणी होती, ना सभासदांची यादी. म्हणून तिला युनियन म्हणायचं का, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. पण मालकाच्या नजरेसमोर हजारो जणांनी अर्जावर नाव घालणं ही त्या काळात छोटी गोष्ट नव्हती.

सुट्टी मिळायला सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे १०,००० कामगार जमले. तिथे दोन कामगार बायकाही बोलल्या. व्हायरल पोस्टमध्ये त्या कधीच नसतात! १० जूनला गिरणीमालक संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी लोखंडेंच्या प्रयत्नांतून मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला.

१८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगच्या साथीत रुग्णांसाठी धावपळ करताना त्यांनाच प्लेगने गाठलं. पन्नाशीही गाठली नव्हती. गिरण्या म्हटलं की आज १९८२ चा संप आणि दत्ता सामंत आठवतात. लोखंडेंचं टपाल तिकीट निघालं, ते थेट २००५ मध्ये.