ठिपकेवाला लुईस आणि जड पाणी

बारावीच्या केमिस्ट्रीत इलेक्ट्रॉनचे ठिपके काढून काढून तुम्ही वैतागला असाल ना? ते ठिपके ज्याच्या नावावर आहेत, तो गिल्बर्ट लुईस. जन्म १८७५ चा, अमेरिकेतला. लहानपणी बरंचसं शिक्षण घरीच झालं, आणि तेविसाव्या वर्षी हार्वर्डची पीएच.डी.! १९१२ पासून मुक्काम बर्कलेत. दोन अणू इलेक्ट्रॉनची जोडी वाटून घेतात, हे त्याने १९१६ मध्ये मांडलं. नोबेलसाठी त्याचं नाव चाळीसेक वेळा सुचवलं गेलं, मिळालं मात्र एकदाही नाही.

पण पेपरात न येणारा लुईस जास्त भारी आहे. हॅरल्ड युरी या बर्कलेच्याच माजी विद्यार्थ्याने १९३१ मध्ये ड्यूटेरियम शोधलं. म्हणजे हायड्रोजनच, पण केंद्रकात एक न्यूट्रॉन जास्त, त्यामुळे वजन दुप्पट. साध्या पाण्यात असा अणू सहा-साडेसहा हजारांत एखादा. लुईस तो वेगळा काढायच्या मागे लागला. युक्ती सोपी, चिकाटी मात्र अफाट: पाण्यातून वीज सोडत राहायची. साधा हायड्रोजन भराभर उडून जातो, जड मागे रेंगाळतो. लिटरच्या लिटर पाणी संपतं तेव्हा हाती काही थेंब लागतात. १९३३ मध्ये त्याच्याकडे जवळजवळ शुद्ध जड पाणी होतं. दिसायला पाणीच, पण बर्फ होतो ३.८ अंशांना आणि घनता अकरा टक्के जास्त.

मग त्याने तंबाखूच्या बिया घेतल्या. साध्या पाण्यात त्या रुजल्या, शुद्ध जड पाण्यात नाही. एका उंदरालाही जड पाणी पाजलं. तो बिचारा जगला.

हे मोलाचं पाणी लुईसने इतरांनाही दिलं, अगदी केंब्रिजला रदरफर्डलाही. तिथे १९३४ मध्ये ड्यूटेरियमची केंद्रकं वेगाने एकमेकांवर आदळवली, तेव्हा फ्यूजन झालेलं दिसलं. त्याच वर्षी नोबेल मिळालं ते एकट्या युरीला. शोध त्याचाच, त्यात वाद नाही. तरी लुईसची बाजू घ्यावीशी वाटतेच! जड पाण्याचं काम त्याने लवकरच सोडून दिलं.

२३ मार्च १९४६ ला बर्कलेच्या प्रयोगशाळेत तो मृत सापडला. त्या दिवशी हायड्रोजन सायनाइडवर त्याचा प्रयोग चालू होता.

बरोबर ४३ वर्षांनी, २३ मार्च १९८९ ला, युटा विद्यापीठात फ्लाइशमन आणि पॉन्स यांनी पत्रकार परिषद घेतली. जड पाण्यात पॅलेडियमची कांडी, वीज चालू, आणि टेबलावर फ्यूजनची उष्णता, असा दावा. जगभर खळबळ! तुम्ही तिथे असतात तर पहिला प्रश्न काय विचारला असता? तेच साध्या पाण्यात करून पाहिलं का? कारण साध्या पाण्यात ड्यूटेरियम जवळपास नाहीच. तिथेही तेवढीच उष्णता निघाली, तर ती ड्यूटेरियमच्या फ्यूजनची कशी?

लुईसच्या प्रयोगात साध्या पाण्यातल्या बिया होत्या. युटाच्या पहिल्या शोधनिबंधात साध्या पाण्याची नोंदच नव्हती.